थांबलेले चेहरे

मी पोटासाठी व्हिडिओ बघतो, असं सांगितलं की लोक हसतात. पण काम तेच आहे. आमची लंडनमधली कंपनी व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवते. सिनेमावाले, टीव्हीवाले, लग्नाच्या फिल्म करणारे ते वापरतात. नवीन व्हर्जन बाहेर जाण्याआधी वेगवेगळ्या मशीनवर ते चालवायचं, चित्र कुठे अडखळतंय, कुठे उडी मारतंय ते शोधायचं, हे माझं काम. चित्रात कोण आहे आणि काय बोलतंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. आवाज बंदच असतो. चित्र सरळ चाललंय ना, एवढंच बघायचं.

इथल्या मराठी मंडळात सॉफ्टवेअरमधल्या माणसाची एक वेगळीच सोय लावलेली असते. तुम्ही बँकेसाठी प्रोग्रॅम लिहीत असा किंवा विमानकंपनीसाठी, जेवणाच्या रांगेत कोणीतरी तुम्हाला लॅपटॉप कोणता घेऊ हे विचारणारच. आणि आपणही सांगतो. 'मला माहीत नाही' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी तर खरोखरच त्यातला होतो, त्यामुळे माझा भाव जास्त.

असंच एका संक्रांतीला, लंडनच्या हॅरो भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये, हातात मसालेभाताची प्लेट असताना काकांनी मला गाठलं. ते मूळचे पुण्याचे, आता जवळच पिनरला राहतात, आयुष्यभर इथे इंजिनियर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. माझे नात्याने कोणी नाहीत. आम्ही एजवेअरला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात काकू डबा घेऊन आल्या होत्या, तेव्हापासून ते काका-काकू.

"मला एक मशीन घ्यायचंय," काका म्हणाले. "एडिटिंगसाठी. तुमचंच सॉफ्टवेअर घेणार आहे. पण ही ग्राफिक्स कार्डाची काय भानगड असते, ते जरा समजेल असं सांग."

मी सांगितलं. म्हटलं, काका, कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एक सुगरण. काहीही सांगा, करेल, पण एकटीच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अंगणभर बसलेल्या बायका. त्यांना पुरणपोळी येत नाही, त्या फक्त पापड लाटतात, पण सगळ्या एकाच वेळी. व्हिडिओ म्हणजे पापडाचंच काम. चित्रामागून चित्र, सगळ्यांवर तीच क्रिया. म्हणून ते कार्डाकडे द्यायचं.

"तू कधी पापड लाटलेस रे?" मागून काकूंनी विचारलं. त्या मूळच्या नागपूरच्या. पन्नास वर्षं इथे काढूनही बोलणं तिकडचंच. "लाटले तुझ्या आईनं, आणि तू इथं गोष्टी सांगून राहिला."

सगळे हसले. मी कार्डाचं नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं, काकांनी ते हाताच्या तळव्यावर पेनने लिहून घेतलं. पुढे वसंतात आमचं नवीन व्हर्जन आलं, तेव्हा मीच फोन करून सांगितलं, "काका, अपडेट करून टाका, खूप फास्ट झालंय."

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो आहे ते सांगतो. ते नवीन व्हर्जन मीच तपासलं होतं. त्याच कार्डावर मला एक दोष दिसला होता. पापडाच्याच भाषेत सांगायचं तर, लाटलेले पापड वाळत घालायला जागा लागते आणि वाळले की ते उचलावे लागतात. या कार्डावर, चित्रावर बरेच इफेक्ट एकावर एक चढवले की, आमचं सॉफ्टवेअर वाळलेले पापड उचलायला विसरायचं. कार्डाची मेमरी भरत जायची. आधी चित्र अडखळायचं, मग हिरवं व्हायचं, मग सगळंच बंद. पण नेहमी नाही. इतके इफेक्ट सहसा कोणी चढवत नाही. 'क्वचित घडतं' असा शेरा मारून मी पुढे गेलो. तारीख जवळ आली होती, सगळेच पुढे चालले होते. यात लबाडी नव्हती. लबाडी नंतरची.

उन्हाळ्यात काकांनी घरी बोलावलं. हॅरोपर्यंत बस आणि पुढे ट्रेन करून मी रविवारी दुपारी पोचलो. काकू दाराशीच होत्या, पण माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या.

"एजवेअरवाला का? ये बाप्पा. वर जा. तुझ्या काकांनी माझ्या माहेराची टॉकीज काढलीय वर. अजून तिकीट लावत नाहीत, एवढंच."

"तिकीट लावलं तर नागपूरकर फुकट पास मागतील," वरून आवाज आला.

"आणि पुणेकर पिक्चर लागायच्या आधीच दार लावून झोपतील."

मग जिन्यात, काकू ऐकणार नाहीत अशा बेताने, काकांनी मला सांगितलं. काकूंच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. दोन्ही डोळ्यांचा. डोळ्यात इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग. कडेकडेने दिसायचं. म्हणून माझ्या कानाकडे बघत होत्या, म्हणजे मी त्यांना दिसावा.

नागपूरला काकूंची मोठी बहीण आहे, ताई. तिला आता प्रवास झेपत नाही आणि इंजेक्शनांमुळे काकूंना जाता येत नाही. आदल्या हिवाळ्यात दोघं जाऊन आले तेव्हा काकांनी ताईचं सगळं शूट करून ठेवलं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना, शिवणयंत्रावर, दूधवाल्याशी भांडताना. आता त्यांना यातून एक फिल्म करायची होती, काकूंना दिसेल अशी. ताईचा चेहरा मोठा करून पडदाभर आणायचा, मागची गर्दी काळी करायची, कडा ठळक करायच्या, रंग भडक करायचे, खाली काळ्यावर पिवळ्या टप्पोऱ्या अक्षरांत नाव. आणि हे प्रत्येक दृश्यात, ताई जशी हलेल तसं तिच्या मागे मागे.

"तिला एकदा ताई नीट दिसली पाहिजे," काका म्हणाले. "डोळे आहेत तोवर. बाकी मला काही नको."

सहसा कोणी चढवत नाही इतके इफेक्ट काकांनी चढवले होते. दुसरा मार्गच नव्हता.

त्यांनी गच्चीचं दृश्य लावलं. ताईने बादलीतून ओला पंचा उचलला, झटकण्यासाठी हात वर नेला, आणि चित्र थांबलं. मग एकदम पंचा दोरीवर आणि ताई पुढच्या कपड्याला वाकलेली. पुन्हा थांबलं. मग ताईच्या अर्ध्या चेहऱ्यावर हिरवा चौकोन.

"हे बघ. हे काय होतं रे?"

मला पहिल्या अडखळण्यालाच कळलं होतं. हा चौकोन माझ्या ओळखीचा होता.

त्या दिवशी उपाय साधा होता. जुन्या व्हर्जनवर परत जायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन व्हर्जनात केलेलं काम जुन्यात उघडत नाही, पण काकांनी अपडेट लांबवून तेव्हा नुकतंच केलं होतं. कामाची जुनी प्रत बाजूला होती. थोडंसं काम पुन्हा करावं लागलं असतं, बस्स.

मी म्हणालो, "ड्रायव्हर जुना असेल काका. कार्ड चालवणारा तो छोटा प्रोग्रॅम, तो अपडेट करून बघा."

का म्हणालो, याचं एक उत्तर मी बरेच दिवस स्वतःला देत होतो. त्याच सुमारास ऑफिसात कपातीचं बोलणं चालू होतं. माझा व्हिसा कंपनीवर बांधलेला, नोकरी गेली तर देश सोडायची वेळ. कायमचं राहण्याचा परवाना मिळायला थोडाच अवधी राहिला होता. मुलगी इथल्या शाळेत, तिचं मराठी 'माझा आई आली' इतपत. अशा वेळी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे असं बाहेर कशाला बोला?

खोटं आहे ते. पिनरमधल्या माडीवर मी काय बोललो ते कंपनीला कधीही कळलं नसतं. खरं कारण इतकं लहान आहे की लिहिताना हात अडतो. मला 'हे मी आधी बघितलं होतं' असं म्हणावं लागलं असतं. ज्या माणसाने भर हॉलमध्ये माझं वाक्य तळहातावर लिहून घेतलं त्याच्यासमोर. ते मला जमलं नाही. वाटलं, लवकरच दुरुस्ती येईल, आपोआप सगळं नीट होईल, कोणाला काही कळणार नाही.

ऑफिसात जाऊन मी तो दोष पुन्हा वर काढला. एवढं केलं. पण माझाच 'क्वचित' हा शेरा त्यावर बसलेला. 'क्वचित' घडणाऱ्या गोष्टींची रांग लांब असते. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, घेऊ कधीतरी. मी जोर लावला असता, तर आधी कमी का लेखलंस असं त्याने विचारलं असतं. मी जोर लावला नाही.

काका दर थोड्या दिवसांनी फोन करायचे. त्यांचा आवाज नेहमी आधी माफी मागितल्यासारखा.

"तुला त्रास देतोय. ड्रायव्हर टाकला. फरक नाही."

"डिस्कवर जागा करून बघा."

"केली. सुरुवातीला बरं चालतं, मग परत तेच."

"मशीन मधूनमधून बंद करून चालू करत जा."

"ते करतोच."

ते सगळं करायचे. मी सांगेन ते, सांगेन त्या क्रमाने. इंजिनियर माणूस, आयुष्यभर यंत्रांचे दोष शोधले असतील, पण माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. एकदा मी म्हटलं, ॲक्सिलरेशन बंदच करून बघा. म्हणजे सगळं काम त्या एकट्या सुगरणीवर टाकायचं. हिरवे चौकोन गेले. पण मग कुठलाही बदल केला की तो दिसायला इतका वेळ लागायचा की काका म्हणाले, "अरे, मी बटण दाबून खाली जाऊन भाजी चिरून येतो, तरी झालेलं नसतं." पुन्हा ते चालू केलं. आणि प्रत्येक दिवसाचं काम नवीन व्हर्जनात साठत गेलं. आता परत जा असं सांगणं म्हणजे सगळा उन्हाळा पुसून टाक असं सांगणं. जितका उशीर तितकं बोलणं अवघड, आणि जितकं अवघड तितका आणखी उशीर. मी स्वतःला त्यात घसरताना बघत होतो. थांबता येत नव्हतं.

एकदा फोनवर ते म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं. तुमची एवढी मोठी सिस्टीम, जगभर लोक वापरतात, त्यांचं चालतंच ना."

मागून काकूंचा आवाज आला, "तो पोरगा त्यातला आहे, तो सांगतो तसं करा ना. स्वतःचं डोकं काहून लावता?"

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

सप्टेंबरात मी पुन्हा गेलो. काकूंनी दार उघडलं नाही, काकांनी उघडलं. काकू खुर्चीत बसून मटार सोलत होत्या, न बघता, बोटांनी चाचपून. माडीवर काकांची अर्धी फिल्म पडून होती, पुढे सरकत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वेळी नवीन काही सांगितलं नव्हतं आणि काकांना त्याचीच भीती बसली होती.

"काहीतरी जुगाड सांग," ते म्हणाले. "आता वेळ नाही."

तेव्हा मी तो सल्ला दिला. म्हटलं, काका, कार्डावरचा भार हलत्या चित्राचा आहे. चित्र हललं की प्रत्येक वेळी सगळे इफेक्ट नव्याने. त्यापेक्षा प्रत्येक दृश्यातला एक चांगला चेहरा थांबवून घ्या. फोटोसारखा. तो मोठा करा, ठळक करा, काय हवं ते करा. मागे ताईंचा आवाज चालू द्या. अजिबात अडखळणार नाही.

"पण तिला माणूस हालचालीवरून कळतो," काका म्हणाले. "चेहरा नाही दिसत आता तितका. परवा रस्त्याच्या पलीकडून आमचे शेजारी येत होते, चालण्यावरून ओळखलं तिने. ताईचंही तसंच असणार."

मी म्हणालो, "एवढा मोठा केल्यावर चेहरा नक्की दिसेल काका. हललं की उलट धूसर होतं."

हे मला कुठून माहीत? डोळ्यांमधलं मला काय कळतं? पण तोच जेवणाच्या रांगेतला आवाज. न अडखळणारा. काकांनी मान डोलावली. "बरं. तू म्हणतोस तर." आणि त्यांनी ताईला एकेक करून थांबवलं. गच्चीवर थांबवलं, शिवणयंत्रावर थांबवलं, दूधवाल्यापुढे हात वर केलेला असताना थांबवलं. काम भराभर झालं. मला फोन करून म्हणाले, "तुझ्यामुळे मार्गी लागलं बघ."

दिवाळीनंतर आमच्या कंपनीने दुरुस्ती बाहेर काढली. सोबतच्या बदलांच्या यादीत एक ओळ होती तिच्याबद्दल. मीच तपासली. चित्र तासन्‌तास सरळ चाललं. मी काकांना सांगितलं नाही, कारण फिल्म तयार झाली होती.

ती दाखवायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. बायकोलाही बोलावलं होतं, तिला मी काहीतरी कारण सांगून घरी ठेवलं. काकू नवी साडी नेसल्या होत्या. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून त्या मान एका बाजूला वळवून बसल्या, कडेने बघायला.

पडद्यावर ताईचा चेहरा आला. पडदाभर, प्रत्येक सुरकुती स्पष्ट, मागे काळोख. मी इतकं स्वच्छ काम आमच्या ऑफिसातही कमी पाहिलंय. मागून ताईचा आवाज, कपडे मोजत असल्यासारखा.

काकू ऐकत होत्या. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. चेहरा बदलला. दुसरा आला. तो गेला, तिसरा आला.

"आवाज ताईचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण फोटो कोणाचे लावलेत?"

"अगं, ताईच आहे," काका म्हणाले. "बघ ना, नाक बघ."

"हो का?" काकूंनी हात पुढे करून पडद्याला बोट लावलं. काच चाचपली. "असंल. मोठं गोरं काहीतरी दिसतं. भिंतीवानी."

काका उठले. वर जाऊन मूळ शूटिंग घेऊन आले, काही न केलेलं. त्यात ताई गच्चीवर चालत होती, लहानशी, लांब. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "कोणीतरी जातंय," त्या म्हणाल्या. "बाईमाणूस आहे का?" उन्हाळ्यात तेवढंही पुरलं असतं कदाचित. मोठी केलेली, हलणारी ताई तर नक्कीच दिसली असती. आता काकूंसाठी पडद्यावर उजेड-सावलीपलीकडे काही राहिलं नव्हतं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "एवढी मेहनत घेतली तुम्ही दोघांनी. किती छान केलं असेल. मलाच मेलीला दिसत नाही, त्याला कोण काय करणार?"

काका चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेलो. ते नळ सोडून कप विसळत उभे होते. मी त्यांच्या पाठीला सांगितलं. सगळं. की हा दोष मी वसंतातच बघितला होता. की पहिल्या दिवशी जुन्या व्हर्जनवर परत गेलो असतो तर झालं असतं. की ड्रायव्हर, डिस्क, सगळं मी नुसतं बोलत होतो. की फोटो थांबवायला सांगितलं तेव्हा डोळ्यांतलं मला काहीही माहीत नव्हतं.

त्यांनी नळ बंद केला नाही. विचारलं, "तेव्हा सांगितलं असतंस, तर ती बघू शकली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"हो काका. बघू शकल्या असत्या."

त्यांनी कप एकेक करून पालथे घातले. पंच्याला हात पुसले. मला वाटत होतं, ओरडतील. मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर. ते म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"काका..."

"तिला वाटतंय डोळ्यांनी दगा दिला. ते तिने कसंबसं गिळलंय. आता तुझं हे आणखी कशाला? तुला हलकं वाटावं म्हणून?" मग पंचा जागेवर ठेवून, "कोट घे तुझा. बाहेर गारठा आहे."

मी कोट घ्यायला बैठकीत गेलो. काकूंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाल्या, "निघाला का? जेवून जायचं ना राजा. तुझा किती वेळ घेतला आम्ही." त्यांच्या मांडीवर हात होते, मटार सोलताना असायचे तसे, पण रिकामे. मी वाकून नमस्कार केला. त्या माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, तो खांद्यावर पडला, तिथेच राहिला.

वसंतात मला कायमचं राहण्याचा परवाना मिळाला. काकांचा मेसेज आला, अभिनंदन, दोघांकडून. त्यानंतर फोन नाही. मंडळात दिसतात. काकूंचा हात धरून येतात, मला बघून मान हलवतात आणि पुढे जातात. तेवढ्यात काकूंनी विचारलेलं ऐकू येतं, "कोण होतं? एजवेअरवाला का?" काका काय उत्तर देतात ते मला कधी ऐकू आलेलं नाही.

काकूंना सांगायचं नाही, हा काकांचा शब्द मी पाळला आहे, आणि हे लिहून तो मोडतोही आहे. मंडळाच्या अंकात हे छापून आलं तर अंक पिनरच्या त्या घरी जाईल, दर वर्षी जातो तसा. काकूंना आता वाचता येत नाही. अंक काका त्यांना वाचून दाखवतात, पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट. इथपर्यंत आल्यावर ते वाचतील की पान उलटतील, ते त्यांच्या हातात आहे. मी दोन्ही गोष्टींची कल्पना करून बघितली. कुठलीही झाली तरी मला काही करता येणार नाही.